पर्वरी की म्हापसा : कुटुंबाच्या घरासाठी दोन्ही ठिकाणांची पारख

पणजीत भाड्याने राहून नोकरी करणाऱ्या आणि आता स्वतःचे घर घेऊ पाहणाऱ्या कुटुंबापुढे मांडवीच्या उत्तरेकडची दोन नावे हमखास येतात. पूल ओलांडून चढण संपली की पर्वरी सुरू होते, आणि गिरी मागे टाकून पणजीपासून साधारण १३ किलोमीटरवर म्हापसा शहर लागते. दोन्ही ठिकाणे बार्देश तालुक्यात, दोन्ही राष्ट्रीय महामार्ग ६६ च्या काठी, आणि दोन्हींकडे दोन-तीन बेडरूमच्या फ्लॅटांच्या इमारती एकामागून एक उभ्या राहत आहेत. जाहिराती वाचून दोहोंतला फरक केवळ अंतराचा आणि दराचा आहे असे वाटते. प्रत्यक्षात इथला दिवस आणि तिथला दिवस यांत पुष्कळ अंतर आहे. आम्ही दोन्हींकडची घरे बराच काळ पाहिली, अखेर म्हापशात दत्तवाडी-खोर्लीच्या बाजूला फ्लॅट घेतला, आणि एक पूर्ण पावसाळा तिथे काढल्यानंतर हा अभिप्राय लिहीत आहे.

आमच्या घरातली माणसे कोण आणि त्यांचे दिवस कसे जातात, हे आधी सांगणे भाग आहे. मी पर्वरीत सरकारी कार्यालयात नोकरीला आहे, पत्नी पणजीत बँकेत आहे, मुलगी नववीत शिकते आणि आईने सत्तरी ओलांडली आहे. मूळ घर पेडणे तालुक्यात असल्यामुळे चतुर्थी, शिगमा आणि देवळातील कार्ये यांच्या निमित्ताने गावी जाणे-येणे चालूच असते. केवळ दोघांच्या नोकऱ्या पाहिल्या तर पर्वरीवाचून दुसरा विचार करण्याचे कारणच नव्हते, आणि नातेवाइकांनी व सहकाऱ्यांनी आम्हाला तेच सांगितले. परंतु नोकरी करणारी दोन माणसे सकाळी साडेआठला घराबाहेर पडतात आणि संध्याकाळी परततात, तर घर, परिसर आणि रस्ता यांच्याशी दिवसभर संबंध येतो तो आईचा आणि दुपारनंतर मुलीचा. हा हिशोब मांडायला लागल्यावर पारडे हळूहळू फिरले.

पर्वरीची बाजू प्रामाणिकपणे मांडायची तर ती भक्कम आहे. गेल्या पंचवीस वर्षांत राज्याचा कारभारच या पठारावर सरकला आहे. विधानसभा २००० मध्ये पणजीतील आदिलशहाच्या राजवाड्यातून पर्वरीच्या संकुलात आली, सचिवालय तिथेच आहे, आणि २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाची नवी इमारतही इथे सुरू झाली. शिक्षण खाते, शालान्त मंडळ आणि गृहनिर्माण मंडळ यांची मुख्य कार्यालयेही याच भागात आहेत. गोमंतक मराठी अकादमीचे मराठी भवन पर्वरीत असल्यामुळे व्याख्याने, संमेलने आणि नाट्यवाचने यांना जाणाऱ्या माणसाला ही जागा मनापासून आवडेल. मुलांच्या शिक्षणाचीही इथे अडचण नाही. विद्या प्रबोधिनी आणि एल. डी. सामंत विद्यालय इथलीच, शिवाय पूल ओलांडून बांबोळीच्या कुजिरा शाळा संकुलात मुले पाठवणारे पालकही पुष्कळ आहेत. २०१९ मध्ये अटल सेतू खुला झाल्यापासून पणजी शहरात न शिरता थेट बांबोळीकडे जाता येते, त्यामुळे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे इस्पितळ पर्वरीकरांना पूर्वीपेक्षा खूपच जवळ आले आहे. घरात गंभीर आजारी माणूस असेल तर हा मुद्दा इतर सगळ्या मुद्द्यांवर मात करू शकतो.

पर्वरीच्या जुन्या वसाहतींचा दर्जाही मान्य करायला हवा. पीडीए कॉलनी, गृहनिर्माण मंडळाची वसाहत आणि डिफेन्स कॉलनी या आखणी करून वसवलेल्या भागांतील रस्ते सरळ आणि पुरेसे रुंद आहेत, दुतर्फा झाडे आहेत, आणि घराघरांत माणसे राहतात. तिथे एखादे घर विक्रीला निघाले आणि ते आवाक्यात असेल तर फार विचार करू नये. दुर्दैवाने तिथली घरे क्वचितच विक्रीला निघतात आणि निघाली तरी ओळखीपाळखीतच जातात. नव्या ग्राहकाला दाखवले जातात ते बहुधा महामार्गाच्या दोन्ही अंगांना, सांगोल्ड्याच्या बाजूला, तोर्ड्याकडच्या उतारावर किंवा सुकूरच्या आतल्या भागात बांधलेले नवे प्रकल्प.

इथूनच आमच्या शंकांना सुरुवात झाली. पर्वरीचा कणा म्हणजे महामार्ग, आणि तोच तिचा सर्वांत मोठा दोषही आहे. पणजीहून म्हापसा, पेडणे, सावंतवाडी आणि आता मोपा विमानतळाकडे जाणारी वाहतूक तर इथून जातेच, शिवाय कळंगुट-कांदोळीकडे जाणारी वाहतूकही इथूनच चोगम रस्त्याला वळते. राष्ट्रकुल परिषदेच्या निमित्ताने १९८३ मध्ये झालेल्या त्या रस्त्यावर आज डिसेंबरात गाड्यांची रांग कुठे सुरू होते हे समजत नाही. या कोंडीवर उपाय म्हणून सुमारे ५ किलोमीटर लांबीच्या सहापदरी उड्डाणपुलाचे काम २०२४ मध्ये हाती घेण्यात आले, आणि आम्ही घरे पाहत होतो तेव्हा ते ऐन भरात होते. खाप्रेश्वराच्या देवस्थानाजवळचा जुना वड या कामासाठी २०२५ च्या मार्चमध्ये हलवण्यात आला तेव्हा लोक किती हळहळले आणि किती संतापले, हे वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांच्या स्मरणात असेल. धुळीचा प्रश्न तर न्यायालयापर्यंत गेला.

महामार्गाला समांतर असलेल्या एका इमारतीतील तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आम्ही पाहिला. बैठकीची खोली प्रशस्त, स्वयंपाकघरात उजेड भरपूर, मालक सज्जन. बाल्कनीचे सरकते दार मात्र त्यांनी चिकटपट्टी लावून बंद केले होते. आमच्या विनंतीवरून ते उघडले तेव्हा ग्रिलच्या आडव्या पट्ट्यांवर तांबूस धुळीचा थर होता, आणि कपडे वाळत घालायची दोरी बाल्कनीतून काढून मुलांच्या खोलीत, पंख्याखाली बांधली होती. पूल पूर्ण झाल्यावर धूळ जाईल, हे त्यांचे म्हणणे खरेच होते. परंतु तिसरा मजला म्हणजे साधारणपणे पुलाच्याच पातळीचा मजला, आणि धूळ गेली तरी चाकांचा आवाज घरात येणार, हे सांगायला अभियंता लागत नाही. पुलामुळे लांबची वाहतूक वरून निघून जाईल, पण पर्वरीच्या आतल्या वसाहतींतून सकाळी पणजीकडे निघणाऱ्या गाड्या खालच्याच रस्त्यावर येणार आहेत, याकडे विक्रेते सोयीस्कर दुर्लक्ष करतात. आणखी एक गोष्ट : दलालाने सांगितलेले ‘पाच मिनिटांत पणजी’ हे रविवारी सकाळी सातचे पणजी असते.

महामार्गाचा त्रास पायी चालणाऱ्याला सर्वाधिक होतो. पर्वरीत भाजी, औषधे, दळण आणि दवाखाना या गोष्टी आहेत, पण त्या महामार्गाच्या दोन्ही काठांना विखुरल्या आहेत, आणि अलीकडच्या माणसाला पलीकडची एखादी वस्तू हमखास लागते. मोठी सुपरमार्केटे आणि मॉल इथे आहेत. गाडी असेल तर सोय उत्तम. गाडी न चालवणाऱ्या वृद्ध माणसाने मात्र कोकेरो नाक्यावर रस्ता ओलांडायचा म्हणजे कोणाचा तरी हात धरूनच. हे तेच ओ कोकेरो, जिथे १९८६ मध्ये चार्ल्स शोभराज पकडला गेला. नाक्याला त्या उपाहारगृहाचे नाव पडले ते अजून चालते. आईला आम्ही दोनदा तिथे सोबत नेले, आणि दुसऱ्या वेळी तिने गाडीतून उतरायलाच नकार दिला. तिचे कारण साधे होते : इथे राहिले तर मी कोणाकडे जाऊ आणि कशी जाऊ?

पाण्याविषयी स्वतंत्रपणे लिहायला हवे, कारण बार्देशात घर घेणाऱ्याने टाइल्सपेक्षा नळाकडे आधी पाहावे. तालुक्याचा मोठा भाग अस्नोड्याच्या जलशुद्धीकरण प्रकल्पावर अवलंबून आहे, आणि त्या प्रकल्पाला कच्चे पाणी मुख्यतः तिळारीच्या कालव्यातून मिळते. कालव्याला कुठे भगदाड पडले की आमठाणे धरणावर भिस्त ठेवावी लागते आणि सगळ्या तालुक्यात पाण्याची ओढाताण सुरू होते. या बाबतीत म्हापसा सुरक्षित आणि पर्वरी असुरक्षित असा भेद करता येणार नाही. मात्र पर्वरी पठारावर आहे, वाहिनीवर बरीच पुढे आहे, आणि गेल्या काही वर्षांत तिथे नवी बांधकामे इतकी वाढली आहेत की दाब कमी पडला तर त्याची झळ तिला लवकर बसते. सुकूरच्या बाजूच्या एका मोठ्या संकुलात आम्ही मे महिन्यात गेलो तेव्हा फाटकाशी टँकर उभा होता, त्याची जाड नळी जमिनीखालच्या टाकीत सोडलेली होती, आणि सुरक्षारक्षकाच्या टेबलावरील वहीत टँकरच्या नोंदी तारीखवार होत्या. विक्री प्रतिनिधी आम्हाला जलतरण तलाव दाखवायला घाईने पुढे नेत होता. आम्ही ती वही पाहायची इच्छा व्यक्त केली, तेव्हा ती वही सोसायटीची खासगी बाब असल्याचे आम्हाला सांगण्यात आले. आमच्यापुरता त्या संकुलाचा विषय तिथेच संपला.

त्याच संकुलात आणखी एक गोष्ट ध्यानात आली. संध्याकाळी सातला एका इमारतीच्या निम्म्याहून अधिक खिडक्या अंधारात होत्या. हे फ्लॅट विकले गेलेले होते. मालक दिल्ली, मुंबई किंवा बंगळुरूचे, वर्षातून काही आठवडे येणारे. इतर दिवशी ते फ्लॅट पर्यटकांना दिले जातात किंवा नुसते बंद राहतात. अशा इमारतीत शांतता असते आणि काहींना ती हवीही असेल, पण सोसायटीच्या सभेला गणसंख्या जमत नाही, लिफ्ट दुरुस्तीचा निर्णय महिनोन् महिने रखडतो, आणि शेजारी म्हणून दर शनिवारी नवा चेहरा दिसतो. दिवसभर घरी एकट्या असणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा दोष लहान नाही.

पर्वरी हे नाव एक असले तरी तिचा कारभार एका संस्थेकडे नाही, हेही खरेदीदाराने समजून घ्यावे. पेन्ह द फ्रान्स, सुकूर आणि साल्वादोर द मुंद अशा वेगवेगळ्या पंचायतींत ती विभागलेली आहे. त्यामुळे एका गल्लीतला कचरा वेळेवर उचलला जातो म्हणून पलीकडच्या गल्लीतलाही उचलला जात असेल असे धरून चालता येत नाही. राजधानीच्या दारातली, विधानसभा आणि उच्च न्यायालय असलेली ही वस्ती अजून पंचायतींच्याच हाती आहे याचे मला नवल वाटते; परंतु घरपट्टी हलकी असावी असे वाटणाऱ्यांना तेच बरे वाटत असेल.

आता म्हापसा. हे तालुक्याचे मुख्य ठिकाण आहे आणि इथे नगरपालिका आहे. मामलेदार, उपनिबंधक, वाहतूक खाते, न्यायालये ही सगळी तालुक्याची कार्यालये इथेच आहेत. गंमत अशी, की पर्वरीतील फ्लॅटचे विक्रीखतही म्हापशातच येऊन नोंदवावे लागते. परंतु शहराचे खरे केंद्र कार्यालयांत नसून बाजारात आहे. शुक्रवारच्या आठवडा बाजाराविषयी पर्यटकांसाठी इतके लिहिले गेले आहे की त्यात भर घालण्याची आवश्यकता नाही. राहणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की शुक्रवार सोडून इतर दिवशीही हा बाजार भरलेला असतो, आणि आजूबाजूच्या गावांतील बायका स्वतः पिकवलेली भाजी घेऊन तिथे बसतात. लाल भाजी, मुळा, वाल, पावसाळ्यात रानातली तायकिळा आणि कुड्डुकेची भाजी, हरमलची मिरची, मयडेची मोठी केळी, आणि एप्रिल-मे महिन्यांत पुरुमेंताची गर्दी. सुकी मासळी, सोलां, चिंच, कांद्याच्या माळा आणि वर्षभराची मिरची पावसाआधी भरून ठेवण्याची रीत आमच्या घरात आहे, आणि पणजीत राहत असतानाही त्या खरेदीसाठी आम्ही म्हापशालाच येत होतो.

आईला ही सोय मिळाली आणि तिचा दिवस बदलला. सकाळी पाव विकणारा पोदेर दारात येतो, मग ती दत्तमंदिरापर्यंत जाऊन येते, आणि दिवसाआड रिक्षाने बाजारात जाते. मासे विकणाऱ्या दोघींशी तिची आता घासाघीस करण्याइतकी ओळख आहे. बाजाराला लागूनच बसस्थानक असल्यामुळे पेडण्याची, डिचोलीची किंवा सत्तरीची बस मिळते, आणि गावची माणसे कामासाठी म्हापशात आली की दुपारी घरी डोकावून जातात. पर्वरीत यातले एकही माणूस सहज आले नसते, कारण पेडण्याहून पणजीला निघालेला माणूस पर्वरीला मध्येच उतरत नाही.

आरोग्यसेवेच्या बाबतीत पेडे येथील उत्तर गोवा जिल्हा इस्पितळ हा म्हापशाचा मोठा आधार आहे. रक्तदाब, मधुमेह, हाडांचे दुखणे, रक्ततपासणी अशा नित्याच्या गोष्टी तिथे होतात. हृदयविकाराचा झटका किंवा मोठा अपघात यांसाठी बांबोळी गाठावीच लागते आणि ते अंतर पर्वरीपेक्षा अधिक आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. शाळांचा प्रश्न आमच्यापुढे फारसा उभा राहिला नाही. सेंट ब्रिटो, सारस्वत विद्यालय, ज्ञानप्रसारक मंडळाच्या संस्था आणि पुढे सेंट झेवियर्स महाविद्यालय अशी बालवाडीपासून पदवीपर्यंतची सोय शहरात किंवा शहराच्या वेशीवर आहे, आणि मुलगी सायकलने शिकवणीला जाते. जुने आथाइद वाचनालय आणि हनुमान नाट्यगृह ही दोन नावेही इथे घ्यायला हवीत. मराठी भवनाशी त्यांची तुलना करणार नाही, पण मराठी वाचणाऱ्या माणसाची म्हापशात उपासमार होत नाही.

आम्ही घेतलेला फ्लॅट नवाकोरा नाही. इमारत तीन मजल्यांची, पंधराएक वर्षांची, लिफ्ट नसलेली आहे, म्हणून पहिल्या मजल्यावरचाच हवा असा आमचा हट्ट होता. आवाराची भिंत चिऱ्याची आहे आणि पावसाळ्यात तिच्यावर नेच्याची हिरवी झालर येते. आवारात बांधीव कडांची जुनी विहीर आहे, तिचे पाणी धुण्याभांड्यांसाठी आणि झाडांसाठी वेगळ्या टाकीत चढवले जाते, आणि नळाचे पाणी एक दिवस आले नाही तरी घर अडत नाही. पाहणीच्या दिवशी मी विहिरीत डोकावलो तेव्हा मे महिना संपत आला होता आणि तळाशी पाणी स्वच्छ दिसत होते; त्या क्षणी माझे अर्धे मत बनले. उरलेले अर्धे मत शेजाऱ्यांमुळे बनले. बारा फ्लॅटांपैकी अकरांत माणसे राहत होती आणि त्यांतल्या चौघांनी न विचारता गळतीची जागा दाखवली. गच्चीवर पत्र्याचे छप्पर नंतर घातले गेले आहे, त्यामुळे वरच्या मजल्यावरची गळती थांबली आहे. गोव्यातील पावसात सपाट गच्ची उघडी ठेवणारी इमारत पाहिली की मला तिच्या बिल्डरच्या हेतूविषयीच शंका येते.

म्हापशाचे दोष मात्र ठळक आहेत आणि ते लपवून हा अभिप्राय पुरा होणार नाही. शुक्रवारी शहरात चारचाकी नेणे म्हणजे स्वतःहून शिक्षा ओढवून घेणे. वाहनतळाची बोंब इतर दिवशीही असतेच. मोठा पाऊस पडला की बाजाराजवळच्या सखल भागात पाणी साचते, आणि त्या भागातील तळमजल्याचा फ्लॅट कितीही स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. जुन्या गटारांची आणि शहरातून वाहणाऱ्या तारीची अवस्था पाहून वाईट वाटते. रस्ते अरुंद आहेत, पदपथ दुकानदारांनी व्यापलेले आहेत, आणि पर्वरीच्या पीडीए कॉलनीसारखी नेटकी आखणी इथे कुठेच दिसत नाही. पर्यटनाच्या हंगामात हणजुणे-वागातोरकडे जाणारी भाड्याची वाहने शहरातूनच जातात. ज्याला आखीव, स्वच्छ, शांत उपनगर हवे आहे त्याची म्हापशात निराशा होईल.

शहरातही भागाभागांत फरक आहे. करासवाड्याच्या बाजूला महामार्ग आणि औद्योगिक वसाहत जवळ असल्यामुळे अवजड वाहने अधिक असतात. अन्साभाट आणि बाजारालगतचा भाग सोयीचा, पण गोंगाटाचा. धुळेर आणि खोर्लीचा आतला भाग आम्हाला सर्वांत राहण्यायोग्य वाटला. काणका आणि पर्रा ही शेजारची गावे देखणी आहेत, परंतु तिथे दर आता बाहेरच्या खरेदीदारांच्या हिशोबाने चालतात.

रोजच्या प्रवासाची किंमत आम्ही मोजत आहोत, हे खरे. मला म्हापशाहून पर्वरीला यायला सकाळी गिरीपासून पुढे गाडी रेंगाळत आणावी लागते, आणि पत्नी पणजीपर्यंत कदंबच्या शटल बसने जाते, कारण पणजीत गाडी लावण्यापेक्षा ते परवडते. दोघांचा मिळून दिवसाचा तासभर तरी अधिक जातो. मांडवीवरील पुलांवर दोन्ही ठिकाणे सारखीच अवलंबून आहेत. ५ जुलै १९८६ रोजी नेहरू पूल कोसळला तेव्हा काय हाल झाले ते वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले आहे. आज तीन पूल असल्यामुळे ती भीती उरलेली नाही, आणि पर्वरीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्यांना बेतीची फेरीबोट अजून उपयोगी पडते. उलट दिशेला, मोपाचा विमानतळ ५ जानेवारी २०२३ पासून सुरू झाल्यावर म्हापसा त्याला जवळचे ठरले आहे, आणि कोकण रेल्वेचे थिवी स्थानकही म्हापशालाच जवळ आहे. परगावी शिकणारी किंवा नोकरी करणारी मुले ज्यांच्या घरात आहेत त्यांना याचे महत्त्व सांगायला नको.

दराविषयी एवढेच सांगतो, की एकाच वयाच्या आणि एकाच आकाराच्या फ्लॅटला पर्वरीत म्हापशापेक्षा स्पष्टपणे अधिक पैसे मोजावे लागतात, आणि महामार्गापासून आत जावे तसा तो फरक कमी होण्याऐवजी वाढतो. आपल्याकडे दर चौरस मीटरवर सांगतात, हे बाहेरून आलेल्या नातेवाइकांच्या सल्ल्याने हिशोब करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. बिल्डर बोलण्यात अजून सुपर बिल्टअप क्षेत्रफळ वापरतात. रेराच्या कायद्यानुसार व्यवहार कार्पेट क्षेत्रफळावर व्हायला हवा. एका नव्या प्रकल्पात आम्ही स्वतः मोजपट्टी लावली तेव्हा भिंत ते भिंत मिळणारी जागा सांगितलेल्या आकड्याच्या दोन तृतीयांशाच्या आसपास भरली. जिना, लॉबी आणि क्लबहाऊसमधला आमचा ‘वाटा’ उरलेल्या भागात होता.

कागदपत्रांच्या बाबतीत पर्वरी आणि म्हापसा यांत डावे-उजवे करता येत नाही. सावधगिरी सारखीच लागते. एक-चौदाच्या (जमिनीच्या हक्कनोंदीच्या) उताऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात कूळ किंवा मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारे) यांची नावे आहेत का, हे पहिल्यांदा पाहावे, कारण १९७५ च्या मुंडकार कायद्याने दिलेले संरक्षण बिल्डरने केलेल्या करारापुढे झुकत नाही. जमिनीची सनद निवासी वापराची आहे याची खात्री करावी. जमीन मुळात कोमुनिदादीची, म्हणजे गावच्या सामुदायिक जमीनसंस्थेची, असेल तर व्यवहारापासून चार पावले दूरच राहावे. भूखंडाचा झोन अलीकडे बदललेला असेल तर तो कोणत्या कलमाखाली बदलला हे वकिलाकडून लेखी घ्यावे. नगरनियोजन कायद्याच्या १७(२) कलमाखालील झोनबदलाचे नियम उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२५ मध्ये रद्द केल्यापासून हा प्रश्न केवळ तात्त्विक राहिलेला नाही. आणि जुना फ्लॅट घेत असाल तर विक्रेत्याच्या पत्नीची किंवा पतीची सही हवीच. गोव्यातील दिवाणी कायद्यानुसार, वेगळा करार केलेला नसेल तर, लग्नानंतर मालमत्ता दोघांची समाईक असते, आणि वारसाहक्काने आलेल्या घरात इन्व्हेंटरीची, म्हणजे वारसांमधील वाटणीची, प्रक्रिया पूर्ण झालेली नसेल तर परदेशातला एखादा भाऊ पुढे कधी उभा राहील याचा नेम नसतो. आमच्या यादीतला एक उत्तम फ्लॅट याच कारणाने गळला. विक्रेत्याने भोगवटा प्रमाणपत्र, घरपट्टीच्या पावत्या, सगळे नीट लावून ठेवले होते, परंतु तीन भावंडांपैकी एकाची सही पोर्तुगालहून यायची होती आणि ‘येईल, नक्की येईल’ यापलीकडे उत्तर मिळत नव्हते.

आमच्या निवडीमुळे पर्वरी कोणीच घेऊ नये असा अर्थ निघत नाही. पती-पत्नी दोघेही पणजीत किंवा बांबोळीत नोकरीला असतील, मुले लहान असून कुजिरातील शाळेत घालायची असतील, घरात वृद्ध माणूस नसेल किंवा त्यांना गाडी चालवता येत असेल, आणि मूळ गाव तिसवाडीत किंवा फोंड्याकडे असेल, तर पर्वरीच अधिक योग्य ठरेल आणि वाढीव पैसे वसूल होतील. अशा कुटुंबाने महामार्गाला लागून असलेल्या इमारती सरळ वगळाव्यात, सुकूर आणि साल्वादोर द मुंदच्या आतल्या रस्त्यांवरील लहान, बारा-पंधरा फ्लॅटांच्या जुन्या इमारती शोधाव्यात, आणि पाहणी दोनदा करावी : एकदा मे महिन्याच्या अखेरीस, टाकीचे झाकण उघडून, आणि दुसऱ्यांदा जुलैत भर पावसात, गच्चीवर जाऊन. संध्याकाळी सातनंतर खाली उभे राहून किती खिडक्यांत दिवे लागतात हेही मोजावे. टँकरच्या नोंदवहीची मागणी करायला संकोच करू नये. जिथे ती विनासायास दाखवली जाईल, तिथे बोलणी पुढे न्यावीत.